पिल्लाच्या खाजेवर आधी तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे अमळनेरला औषधांचे दुकान आहे. पूर्वी आमच्या भागात दारात गावठी कुत्रे असे आणि त्याला गोचीड लागली की ती उपटून टाकली म्हणजे काम भागत असे. आता पॉमेरेनियन, शिह त्झू, पग अशा छोट्या जातींची पिल्ले हौसेने घरात आणली जातात, आणि ‘पिल्लू सारखे खाजवते, एखादी ट्यूब द्या’ अशी मागणी करणारे लोक दुकानात येतात. ट्यूब मी देत नाही. ती का देत नाही हे काउंटरवर उभ्या-उभ्या सांगता येण्याजोगे नसल्याने हे पत्र लिहितो आहे.

मागितली जाणारी ट्यूब बहुधा माणसाच्या नायट्यासाठी असते. तिच्यात बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. अशी स्टेरॉइडची मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे. तरीही ती सर्रास विकली जातात, हे आमच्याच व्यवसायातील माणसाने मान्य केलेले बरे. पिल्लू मलम चाटून घेते, म्हणजे ते औषध त्याच्या पोटातही जाते. शिवाय स्टेरॉइडने खाज थांबते, पण ती ज्यामुळे सुटली ते कारण जागच्या जागी राहते. ‘खाजेचे इंजेक्शन मारून द्या’ असा हट्ट धरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. निदान झालेल्या ॲलर्जीत पशुवैद्यक मोजके दिवस स्टेरॉइड देतात, त्याला माझी हरकत नाही; हरकत आहे ती काहीही न तपासता ते देण्याला.

हरकतीचे कारण डेमोडेक्स नावाच्या किड्यात आहे. हा सूक्ष्म किडा केसांच्या मुळाशी राहतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, आईला पिताना, पिल्लाच्या अंगावर येतो. त्याचा त्रास झालाच तर बहुतेक पिल्लांत डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला किंवा पुढच्या पायांवर एखाद-दुसरे टक्कल पडते, त्याला खाजही फारशी नसते, आणि पिल्लाची प्रतिकारशक्ती वाढली की तेथे पुन्हा केस येतात. अशा पिल्लाला स्टेरॉइड दिले तर हीच प्रतिकारशक्ती दबते आणि दोन टकलांवर भागणारा आजार अंगभर लूत होऊन पसरू शकतो. मग उपचार महिनोन्महिने चालतात.

याच्या अगदी उलट स्वभाव सार्कोप्टेस या किड्याचा, म्हणजे आपण ज्याला खरूज म्हणतो त्याचा. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो आणि खाज इतकी भयंकर असते की पिल्लू खाता-खाता ताट सोडून खाजवू लागते. जळगावला राहणाऱ्या माझ्या पुतणीच्या पॉमेरेनियनची खाज अनेक आठवडे चालली होती. शाम्पू बदलून झाले, खाणे बदलून झाले. नव्याने पाहणाऱ्या पशुवैद्यकांनी पिल्लाला हात लावण्याआधी घरच्यांना विचारले, की तुमच्यापैकी कोणाच्या अंगावर पुरळ आहे का. पुतणीच्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुरळ होते. पिल्लू दिवसभर त्यांच्याच मांडीवर. मग डॉक्टरांनी पिल्लाच्या कानाची पाळी दुमडून दोन बोटांत हलकेच चोळली, तर त्याबरोबर मागचा पाय हवेत खाजवायला लागला. कानाची कड आणि कोपर येथील त्वचा तेलाचा थेंब टाकून पात्याने खरवडली, तो खरवडा काचेच्या पट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली आठ पायांचा गोलसर किडा पुतणीलाही दाखवला. ‘काका, इतके दिवस आम्ही उगाच शाम्पू बदलत बसलो,’ असे ती नंतर मला म्हणाली. माणसाच्या अंगावर हा किडा फार दिवस टिकत नाही. पिल्लू बरे झाले की घरच्यांचे पुरळही जाते. एक मात्र खरे, की खरजेत किडे संख्येने इतके थोडे असतात की खरवड्यात ते पुष्कळदा सापडतच नाहीत. म्हणून खरवडा निर्दोष आला तरी लक्षणे जुळत असतील तर अनुभवी डॉक्टर खरजेचा उपचार करून पाहतात.

अर्थात सर्वात साधे आणि सर्वात जास्त आढळणारे कारण पिसू हेच आहे, आणि ते नाकारण्याचा मोहही सर्वात जास्त. ‘आमचे पिल्लू घराबाहेर जातच नाही, पिसवा कुठून येणार?’ हे वाक्य मी फार ऐकले आहे. पिसू दिसलीच पाहिजे असे नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर पिल्लाला उभे करून शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवावी. पडलेले काळे कण पाण्यात विरघळून तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. डाग न उमटता कण काळाच राहिला तर ती नुसती माती. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला चपटा जंत, आणि तोही बहुधा पिल्लाने पिसू गिळल्याने होतो. पिसूची अंडी आणि अळ्या पिल्लाच्या अंगावर न राहता अंथरुणात, गालिच्यात आणि फरशीच्या फटींत असतात, त्यामुळे नुसत्या पिल्लाला औषध लावून काही साधत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि त्या कोरड्या उन्हात उघड्यावरच्या अळ्या वाळून मरतात. पण ज्या खोलीत दिवसभर कूलर चालतो आणि कोपऱ्यात ओल धरलेली असते, तेथे पिसवांना बारमाही पावसाळा मिळतो. पिल्लाची गोधडी गरम पाण्यात धुवून दर आठवड्याला गच्चीवरच्या उन्हात टाकावी. खानदेशात ऊन विकत घ्यावे लागत नाही!

किडे आणि पिसवा नाहीत असे ठरल्यावर बुरशी, जिवाणूंमुळे पोटावर येणाऱ्या पुळ्या आणि शेवटी ॲलर्जी यांचा विचार येतो. हवेतील धूळ-परागांची ॲलर्जी साधारणपणे वयाच्या सहा महिन्यांनंतर सुरू होते. त्याआधीच खाज असेल तर आहाराकडे संशयाने पाहावे लागते. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी आणि वर बिस्किटे देतात, आणि दूध, गहू, कोंबडी हे कुत्र्यांच्या ॲलर्जीत वारंवार सापडणारे पदार्थ आहेत. परंतु ही शंका सोडवायची तर किमान आठ आठवडे ठरवलेल्या आहाराशिवाय दुसरा घासही द्यायचा नसतो, आणि घरातील आजोबा चहात बुडवलेले बिस्किट भरवणे सोडत नाहीत. वाढत्या पिल्लाचा आहार मनाने बदलणेही योग्य नाही. छोट्या जातींच्या पिल्लांना उपाशी राहिल्यास रक्तातील साखर उतरून झटकेही येऊ शकतात.

गावाकडच्या उपायांविषयी मी जरा कठोर आहे. लूत लागली की जळके इंजिन ऑइल फासणे हे विष फासणे आहे. गोठ्यात गोचिडांवर फवारायचे औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला त्यात बुडवणे तितकेच घातक. किडे आणि जंत मारणारे गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या शक्तीचे, आणि मात्रा ५० किलो वजनाला १ मिलिलिटर. त्या हिशेबाने एक किलोच्या पिल्लाला ०.०२ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी. साध्या सिरिंजवर ते मोजताच येत नाही, आणि दोन-चार थेंब जास्त गेले की मात्रा कित्येक पटींनी वाढते. पिसवा व किडे दोन्हींवर चालणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या परिणामकारक आहेत. पण त्यांनाही किमान वय आणि वजनाची अट असते आणि छोट्या जातींची पिल्ले तिसऱ्या महिन्यातही त्या वजनात पुष्कळदा बसत नाहीत. म्हणून आधी काटा, मग गोळी.

पुष्कळ पिल्ले तर हे किडे घेऊनच घरी येतात. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार विक्रेत्याची नोंदणी आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात पाच-सहा आठवड्यांची पिल्ले मोबाइलवर फोटो पाहून ठरतात आणि खोक्यात घालून बसने येतात. घेणाऱ्याने नोंदणीचा कागद आणि पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह धरला, तरी निम्मे प्रश्न दारातच थांबतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी मागणी साधी आहे. खरवडा तपासायला लागते ते पाते, तेल, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. पशुवैद्यकीय महाविद्यालये परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर यांसारख्या दूरच्या ठिकाणी आहेत; शिरपूर-शहाद्याच्या माणसाने पिल्लाच्या खाजेसाठी तेथवर जावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तेव्हा जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील पशुसंवर्धन अधिकाऱ्यांनी प्रत्येक तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातील एक वार त्वचा-तपासणीसाठी ठरवून द्यावा आणि तो दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवावा. गुरांच्या कामाचा ताण मोठा आहे हे मला ठाऊक आहे, पण लूत गुरांनाही होते आणि तोच सूक्ष्मदर्शक त्यांच्याही उपयोगी पडेल. आमच्या औषध विक्रेता बंधूंनी त्या दवाखान्याचा वार आणि पत्ता काउंटरवर लावावा. मी माझ्या दुकानात लावायला तयार आहे.

आपला,
एक औषध विक्रेता, अमळनेर