मळभ मोजायचं कुणी?

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य.

साहेब, नमस्कार.

तुमचा आजरा आणि आमची आंबोली यांच्यात एका एसटीचं अंतर आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, याची दर पावसाळ्यात बातमी होते, आणि ते धरण तुमच्याच मतदारसंघात आहे. तेव्हा पावसाचं वर्णन मी तुम्हाला करणं म्हणजे आजीला पेज शिजवायला शिकवणं. पाऊस मिलिमीटरमध्ये रोज मोजला जातो. मी लिहिते आहे ती त्याच्याबरोबर येणाऱ्या अंधाराबद्दल आणि त्यात खचणाऱ्या मनाबद्दल. त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

मी १९ वर्षांची आहे. घाटमाथ्यावरच्या आमच्या वाडीत जून ते सप्टेंबर धुकं घरात राहायला येतं. उंबऱ्याशी थांबत नाही, थेट चुलीपर्यंत येतं. दप्तराच्या पट्ट्यांवर बुरशी धरते. गणवेश चुलीवरच्या दोरीवर वाळवायचा, त्यामुळे अख्ख्या वर्गाला धुराचा वास. भरदुपारी दिवा लावावा लागतो आणि नेमकी तेव्हाच लाइट गेलेली असते. जून म्हणजे खरं तर वर्षातले सगळ्यात मोठे दिवस. कॅलेंडरवर बघितलं तर सूर्योदय ते सूर्यास्त तेरा तास भरतात. त्या तेरा तासांत सूर्य तेवढा नसतो.

नववीच्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा बंद पडले. याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. रडू येत नव्हतं, त्यामुळे दुःख झालंय असंही म्हणता येईना. दहा-दहा तास झोपायचे आणि उठल्यावर जणू रात्रभर जात्यावर बसले होते. भात आणि बटाटा सोडून काही नको, आणि ते मात्र ताटभर. इतिहासाचं एकच पान चार वेळा वाचायचे, पाचव्यांदा पुस्तक मिटून ठेवायचे. मैत्रिणी हाका मारून मारून थांबल्या. मग गणपती आले, गेले, नवरात्रात चार दिवस कडक ऊन पडलं आणि मी आपोआप चालू झाले. घरच्यांनी हुश्श केलं. मीही विसरले. दहावीच्या जुलैत पुन्हा तेच, आणि अकरावीत तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच.

याच काळात शाळेत निबंध यायचा, ‘माझा आवडता ऋतू’. पावसाळा सोडून दुसरं लिहायची पद्धतच नाही. मी एकदा उन्हाळा लिहिला तर ‘कल्पकता हवी’ असा लाल शेरा मिळाला. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात, धबधब्यावर पोलीस बंदोबस्त लागतो, लोक धुक्यात हात पसरून फोटो काढतात. त्यांचा राग नाही येत. त्यांना रविवारी संध्याकाळी परत जायचं असतं, एवढाच फरक.

घरात पहिलं बरोबर निदान आजीनं केलं. ती म्हणाली, “मळभ इला की माणूसय मळभता गो.” आणि मग तिनंच माझी दृष्ट काढली. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. घरच्यांजवळ जे होतं ते त्यांनी केलं, त्याला मी हसणार नाही. एका काकांनी मात्र ओटीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “हिका रत्नागिरीक धाडूक व्हया.” आमच्याकडे रत्नागिरीला पाठवणं म्हणजे काय, हे पोरासोरांनाही कळतं. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे. टिळकांचं जन्मगाव, हापूसचं गाव, आणि आम्ही त्याचं नाव घेतो ते धमकी म्हणून! त्या एका वाक्यानंतर मी वर्षभर तोंड उघडलं नाही. शाळेत एका सरांना चाचपडत सांगून बघितलं. ते म्हणाले, “अभ्यास नको असला की असली थेरं सुचतात.”

अकरावीच्या जुलैत आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर अर्धवट भिजलेला कागद दिसला. टेली मानस, १४४१६, मोफत, चोवीस तास. मनाच्या आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं, हे मला तो कागद वाचेपर्यंत माहीत नव्हतं. घरातून बोलणं शक्य नव्हतं, सगळे ऐकत असतात. रेंज मिळते ती सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर. म्हणून गुरं बघायचं निमित्त काढून गेले, छत्री मानेत धरली आणि फोन लावला. दोनदा कट झाला.

तिसऱ्यांदा लागला तेव्हा पलीकडच्या ताईंनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. “हे कुठल्या महिन्यात सुरू होतं?” तोवर मला सगळ्यांनी ‘का’ विचारलं होतं. का असं वागतेस, का झोपतेस, काय कमी आहे तुला. ‘का’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘कधी’चं होतं. पुढे त्यांनी सरळ विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” मी म्हटलं, मरावंसं नाही, पण ऑक्टोबरपर्यंत नसावंसं वाटतं. त्या दचकल्या नाहीत. कुणी न घाबरता विचारलं, याचंच मला इतकं हलकं वाटलं की पावसात उभी राहून मी पहिल्यांदा रडले. त्यांनी डॉक्टरांना भेटायला सांगितलं आणि घरातल्या एका तरी माणसाला सांग म्हणाल्या.

मी आधी डॉक्टरांकडे गेले, एकटी. एका सरकारी दवाखान्यात खिडकीवरच वय विचारलं. सतरा. “आई-वडिलांना घेऊन ये.” केसपेपरही झाला नाही. मानसोपचाराचे डॉक्टर तिथे ठरलेल्या वारीच येतात. पुढच्या वारी घाटात दरड आली, गाडी नाही. म्हणजे मदत मागायचं धैर्य गोळा करायला मला दोन वर्षं लागली आणि ते परत पाठवायला एक खिडकी आणि एक दरड पुरली. तिसऱ्या खेपेला आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, “माका वाटलाच होता.” आणि आली.

डॉक्टरांनी काय केलं सांगू? कागदावर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढले आणि तीन वर्षांची खूण करायला लावली. तिन्ही ओळी एकाखाली एक तंतोतंत बसल्या. आई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. नंतर त्यांनी समजावलं. ठराविक ऋतूत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांच्यापुढे होते ते उत्तरेकडच्या हिवाळ्यातले रुग्ण, दिवस आखूड झाला की खचणारे. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला नाही की शरीरातलं झोपेजागेचं घड्याळ मागे पडतं आणि त्याचा मनावर परिणाम होतो, असं मानतात. त्या देशांत सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) खास दिव्यासमोर बसवतात. आमचा पावसाळा त्या वर्णनात नेमका बसतोच असं नाही, हेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. उजेडाबरोबर तुटलेला रस्ता, बुडालेली शाळा, घरातली पैशाची ओढाताण, सगळंच त्यात असतं.

तसा दिवा आमच्याकडे कुठला, आणि लाइट कुठली! पण ढगाळ आभाळाखाली उघड्यावर जेवढा उजेड असतो तेवढा घरातल्या बल्बखाली कधीच नसतो, कित्येक पटींचा फरक असतो. म्हणून मला ठरलेल्या वेळी उठायचं आणि लगेच अर्धा तास बाहेर पडायचं, पाऊस असला तरी, असं सांगितलं. बाबा म्हणाले, “पावसात फिरूचा औषध? आमी जल्मभर दुसरा काय केला?” हसू आलं, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आजी, आई, बाबा, सगळ्यांचा पावसाळा शेतात गेला. तरवा काढणं, लावणी, बेणणी, इरल्याखाली का होईना पण बाहेर. पुस्तक घेऊन चार महिने खोलीत कोंडलेली आमची पहिलीच पिढी. हा माझा अंदाज आहे, संशोधन नव्हे. तुमच्या खात्यानं एकदा तपासून बघावा एवढंच म्हणते.

त्याशिवाय पंधरा दिवसांनी एकदा समुपदेशकांशी फोनवर बोलणं होतं. काही महिने गोळ्याही घेतल्या आणि डॉक्टरांना विचारूनच थांबवल्या. बारावीचा जून वाईटच गेला, पण बंद नाही पडले. गेली दोन वर्षं एप्रिलपासूनच तयारी सुरू करते.

आणि हेच मला तुमच्याशी बोलायचं आहे. तयारीबद्दल.

दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. संपर्क तुटणारी गावं कुठली, त्या गावांतल्या गरोदर बायांच्या तारखा काय, सर्पदंशाची लस कुठे, लेप्टो तापाच्या गोळ्या किती. हे तुमचं खातं करतं आणि चांगलं करतं. साप जूनमध्ये निघणार हे आधी माहीत असतं म्हणून लस मेमध्ये पोचते. मग दरवर्षी त्याच महिन्यात येणारा हा आजार यादीत का नको? एवढ्या ठरलेल्या वेळी येणारं दुखणं दुसरं कुठलं असेल? तारीख देऊन येणाऱ्या पाहुण्याची सोय करणं तर सगळ्यात सोपं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आमच्या शाळेत वर्षातून एकदा यायचं. दात बघायचं, डोळे बघायचं, वजन घ्यायचं. आलं की थंडीतच, कारण तेव्हा रस्ता बरा. थंडीत मी ठणठणीत असायचे. अति पावसाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलांसाठी हीच भेट जुलैअखेर ठेवता येईल का? आणि झोप, भूक, मन याबद्दल चार प्रश्न, त्यात एक ‘कुठल्या महिन्यात?’ हा. नवीन पद नको, नवीन गाडी नको.

दुसरं शाळांचं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. साहेब, कोकणातली माध्यमिक शाळा बघा. मुलं मुंबईला गेली, पट साठ-सत्तरवर आला. आमच्याकडच्या कितीतरी शाळा त्या ‘लहान’मध्येच मोडतात. तिथे ‘जोडून घेणं’ म्हणजे कार्यालयात लावलेलं एक पत्र, एवढंच होईल अशी मला भीती आहे. जोडायचंच तर माणसाचं नाव, वार, वेळ आणि फोन वर्गाच्या भिंतीवर लिहा. दरड आली तर तोच वार फोनवर भरवा. शिक्षण खातं तुमचं नाही, पण दोन्ही मंत्री एकाच मजल्यावर नसले तरी एकाच मंत्रिमंडळात आहात.

तिसरं त्या खिडकीचं. अठराच्या आतल्या मुलाच्या उपचारांना पालकांची संमती लागते, हे मला मान्य आहे. पण दहा मिनिटं ऐकून घ्यायला कुणाच्या सहीची गरज आहे? एकटं आलेलं मूल परत पाठवू नये, आधी ऐकावं, जिवाला धोका आहे का विचारावं, पालकांना कसं सांगायचं ते त्याच्याबरोबर ठरवावं, एवढं एक परिपत्रक सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या केसपेपरच्या खिडकीपर्यंत पोचवा. डॉक्टरांपर्यंत नव्हे, खिडकीपर्यंत. मला डॉक्टरांनी नव्हतंच नाकारलं.

आणि १४४१६ हा आकडा दहावी-बारावीच्या प्रवेशपत्राच्या मागे छापा. तो कागद मुलं देवापुढे ठेवतात, भिजू देत नाहीत.

माझ्या आधीच्या वर्गातला एक मुलगा दर पावसाळ्यात शाळा सोडतो आणि दिवाळीनंतर परत येतो असं सगळे हसून सांगायचे. त्याला आम्ही ‘बेडूक’ म्हणायचो, उलटा बेडूक. मीही म्हणायचे. अकरावीपासून त्यानं येणंच सोडलं. त्याला कुणी महिना विचारला होता का, मला माहीत नाही.

सिंधुदुर्गची यंदाची मान्सूनपूर्व बैठक कधी आहे तेवढं कळवा. बारा चौकोनांचा तो कागद आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला आहे. तो घेऊन येते. पहिली गाडी चुकली तर दुसरी साडेनऊला आहे.

आपली,
आंबोलीच्या घाटमाथ्यावरची एक मुलगी