गर्दीतल्या माणसांची कादंबरी कधी येणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

येत्या काळात येणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीतला मजकूर वाचला. इंग्लंडमध्ये गिरण्या उभ्या राहत होत्या त्या काळातल्या कष्टकऱ्यांच्या लढ्यांवर नवे लेखन होत आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या गावाला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात त्या इचलकरंजीत मी राहते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, हे इथे पुष्कळांना माहीत असते. खुद्द मँचेस्टरात १६ ऑगस्ट १८१९ रोजी काय झाले, हे सांगणारा मात्र विरळाच.

त्या सोमवारी सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या मैदानात सुमारे ६० हजार माणसे जमली. आसपासच्या गावांतून पायी आलेल्यांत हातमागावरच्या विणकरांचा मोठा भरणा होता. पंधरा वर्षांपूर्वी आठवड्याला १५ शिलिंग कमावणाऱ्या विणकराच्या हातात तेव्हा जेमतेम पाच शिलिंग पडत होते. त्यात १८१५ च्या धान्य कायद्याने पाव महागलेला. एवढ्या मोठ्या मँचेस्टरला पार्लमेंटात स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. मागणी मताच्या हक्काची होती, म्हणून लोक ठेवणीतले कपडे घालून, बायकापोरांसह, वाजतगाजत आले. मिडलटनहून निघालेल्या जथ्याला सॅम्युअल बॅमफर्ड या विणकराने शिस्तीने आणि शांततेत चालायचे बजावले होते. त्या जथ्याचे हिरवे रेशमी निशाण आजही जपून ठेवलेले आहे. अशा जमावावर मॅजिस्ट्रेटांनी घोडेस्वार सोडले. पहिल्या तुकडीत गावातलेच दुकानदार, व्यापारी आणि त्यांची मुले होती, म्हणजे मारणारे आणि मार खाणारे यांतले काही जण एकमेकांना तोंडओळखीने जाणत होते. पंधराहून अधिक माणसे मेली, सहाशेहून अधिक जखमी झाली. पहिला बळी दोन वर्षांच्या विल्यम फिल्ड्सचा. मैदानाकडे दौडत निघालेल्या एका स्वाराच्या धक्क्याने तो आईच्या हातून खाली पडला. ओल्डहॅमचा जॉन लीस तर चार वर्षांपूर्वी वॉटर्लूला आपल्या देशासाठी लढून आलेला. तो या मैदानातल्या जखमांनी पुढे तीन आठवड्यांनी गेला.

अशा प्रसंगावर कादंबरी लिहायची म्हटली की लेखकाचा हात आपसूक व्यासपीठावरच्या हेन्री हंटकडे जातो. हंट मोठा वक्ता होता, त्याने अडीच वर्षे तुरुंगही भोगला. पण मला हंटची कादंबरी नको आहे. मला त्या दोन वर्षांच्या मुलाच्या आईची हवी आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीनेही राजे, सरदार आणि किल्ले यांतून मान वर काढून तळावर घोड्यांचा खरारा करणाऱ्याकडे फारसे पाहिलेले नाही, म्हणून हे तळमळीने लिहिते आहे.

दुसरा विषय लडाइटांचा. यंत्र दिसले की फोडणारे अडाणी लोक, अशी त्यांची ओळख करून दिली जाते. हा त्यांच्यावर घोर अन्याय आहे. नॉटिंगहॅमकडे १८११ मध्ये जे मोजे विणायचे साचे फुटले, त्यांची जात दोनशे वर्षे वापरातली होती. राग यंत्रावर नव्हता, हलका माल काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर होता. ठरलेला दर देणाऱ्याच्या साच्यांना ते सहसा हात लावत नसत.

यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डच्या बाजूला लढले ते लोकरी कापडाची शेवटची कातरणी करणारे कारागीर. विणून आलेल्या कापडावर काटेरी बोंडांनी लव उठवायची आणि मग ती एकसारखी कातरायची, हे त्यांचे काम. कातरी चार फूट लांब, वजनाला चाळीस पौंडांच्या वर. ती पेलून पेलून उजव्या मनगटावर खुरासारखा घट्टा पडे आणि त्या घट्ट्यावरून माणूस कोणत्या कामाचा हे कळे. हात जरा चुकला की अख्खा तागा वाया. असे हात घडायला वर्षे लागत, आणि कातरणीचा साचा आला की एक माणूस आणि एक पोरगा मिळून कित्येकांचे काम उरकत. मार्सडेनच्या ज्या लोहारभावांनी हे साचे घडवले, त्यांच्याच भट्टीतले घण साचे फोडायला वापरले गेले. त्या घणांना लोक लोहाराच्याच नावाने ‘इनॉक’ म्हणत. एप्रिल १८१२ मध्ये रॉफोल्ड्सच्या गिरणीवरचा त्यांचा हल्ला फसला, हल्लेखोरांतले दोन तरुण मेले. पुढे जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फाशी दिली, त्यातल्या चौदांना एकाच दिवशी. त्याआधी वर्षभरापूर्वी, साचा फोडणाऱ्याला देहदंड देणाऱ्या विधेयकाविरुद्ध लॉर्ड बायरन उमरावांच्या सभागृहात उभा राहिला होता. कायदा तरीही झाला.

या माणसांनी गुप्ततेची शपथ घेतलेली. लिहून ठेवणे म्हणजे गळ्यात फास. त्यामुळे आज दप्तरात सापडतात ती मुख्यतः खबऱ्यांची पत्रे, मॅजिस्ट्रेटांचे अहवाल आणि खटल्यातल्या साक्षी. शपथ घेऊन घरी परतलेला माणूस बायकोला काय सांगत होता, उद्याच्या पिठाची सोय कुठून करत होता, भीतीने रात्री झोपत तरी होता का, हे त्या कागदांत नाही. इतिहासकार इथे थांबतो आणि त्याने थांबलेच पाहिजे. कादंबरीकाराने मात्र इथून सुरुवात करावी, कागदांशी इमान राखून.

१८८८ मधला लंडनच्या बो भागातला आगपेटीच्या कारखान्यातला संप आपल्याला अधिक जवळचा, कारण तिथल्या कामगार मुलींच्या बाजूने लेखणी उचलणाऱ्या ॲनी बेझंट पुढे होमरूल चळवळीमुळे आपल्या घराघरांत पोचल्या. आगकाड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसने जबडा सडणाऱ्या त्या मुली, सुमारे १४०० जणी, काम सोडून बाहेर पडल्या आणि त्यांनी मागण्या पदरात पाडून घेतल्या. बेझंटबाईंचा लेख महत्त्वाचा, पण कारखान्याबाहेर पाऊल टाकले ते त्या मुलींनी. कादंबरीत त्यांना बाईंच्या सावलीत उभे करू नये.

आपणांस विनंती की, या विषयावरच्या कादंबऱ्या आल्या की त्यांची सविस्तर परीक्षणे छापावीत. मराठी प्रकाशकांनीही अनुवादाचे हक्क घ्यावेत. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर इथे या पुस्तकांना वाचक आहेत. आणि एक विचारायचे आहे. १८४२ मध्ये लँकेशरच्या कामगारांनी बॉयलरची बुचे काढून गिरण्याच बंद पाडल्या, प्रेस्टनला ल्यून स्ट्रीटवर गोळीबारात चौघे मारले गेले. या संपावर कोणी कादंबरी लिहीत असल्याचे आपल्या किंवा एखाद्या वाचकाच्या माहितीत असेल, तर तिचे नाव पुढच्या अंकात जरूर द्यावे.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी