वैजूस, पणजीहून

प्रिय वैजू,

एप्रिलमध्ये तू येतेयस हे पक्कं झालं आणि मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लगेच खूण करून टाकली. पण त्याआधी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. परवा फोनवर तू म्हणालीस, "मेघे, तू एकटी दारूच्या दुकानात जातेस? बाईमाणसानं?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. ऑफिसात शेजारी माणसं होती म्हणून मी विषय बदलला, पण तो डोक्यातून काही गेला नाही. म्हणून नीट लिहूनच सांगते.

आपल्याकडचं, महाराष्ट्रातलं दुकान तुला माहीतच आहे. लोखंडी जाळी, हात आत जाईल एवढीच खिडकी, समोर पुरुषांची झुंबड आणि सगळ्यांचे नोटा धरलेले हात पुढे. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत, आणि घेणारा मान खाली घालून निघून जातो. नाताळच्या केकसाठी सुकामेवा भिजवायला मला रम हवी असायची, तेव्हा दादाच्या मागे लागावं लागायचं. आपण स्वतः जावं असं मनातसुद्धा यायचं नाही. त्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून चालायचं, हे तुला-मला न सांगता शिकवलेलं होतं.

मी जाते ते दुकान १८ जून रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात आहे. ऑफिसातून घरी येताना वाटेतच पडतं. दीड दार रुंदीची खोली, लाकडी काउंटर, मागे छताला टेकलेलं काचेचं कपाट. खालच्या खणात सोडा, माडाचं व्हिनेगर, मेणबत्त्या, अंडी. जाळी नाही. दार सताड उघडं, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. संध्याकाळी गेलं की माझ्याआधी एखाद्या आजी व्हिनेगर घेत असतात, त्यांच्या मागे पर्यटक पोरं बिअर घ्यायला उभी असतात, आणि त्यांच्या मागे मी. कुणी वळून बघत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरमागचे म्हातारे अंकल म्हणाले, "कितें जाय, बाय?" काय हवंय, बाई? ज्या सुरात भाजीवाली विचारते, त्याच सुरात. वैजू, त्या साध्या सुरानं मला जे मोकळं वाटलं ते मी अजून विसरले नाही.

आणि या अंकलना आपल्या मालाची जाण आहे. मोठ्या झगमगीत दुकानांत शेकडो बाटल्या असतात, पण विचारलं तर पोरगा फक्त किंमत वाचून दाखवतो. इथे मी एकदा विचारलं, चांगली फेणी ओळखायची कशी? त्यांनी आधी बाटली जोरात हलवून दिव्यासमोर धरली. वर फेसाचे बारीक मणी आले आणि कडेला रेंगाळले. मग माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले आणि म्हणाले, चोळा. हात गार पडले, वास भपकन् वर आला आणि उडून गेला. "आतां वास घे." हात नाकाशी नेले तर पिकलेल्या काजूच्या बोंडाचा वास उरला होता. आजोळच्या परड्यात पडलेल्या बोंडांचा असायचा ना, गोड आणि किंचित उग्र, अगदी तसाच. त्यांचं म्हणणं असं की भेसळीच्या फेणीत नुसता स्पिरिटचा भपका येतो आणि मागे फळ उरत नाही.

काजूचं झाड मुळात इथलं नव्हे, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं. पण झाडावरून आपोआप गळालेलीच बोंडं वेचायची, तुडवून रस काढायचा, तो तसाच आंबू द्यायचा आणि भट्टीत उकळायचा, हे सगळं गोव्यानं आपलं आपण बसवलं. पहिल्या उकळीचा हुर्राक, सौम्य, साधारण १५ टक्क्यांचा. तो पुन्हा भट्टीवर चढला की फेणी, ४२ टक्क्यांच्या पुढची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. ज्या गोष्टीला सरकार वारसा म्हणतं, ती विकणारा आणि घेणारा दोघांनीही मान वर ठेवावी हे मला फार बरोबर वाटतं.

आपल्याकडे असं का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्या वेळी गोवा पोर्तुगीजांकडे होता, थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. त्यामुळे तो कायदा इथे लागूच झाला नाही आणि फेणी घरातल्या फडताळात राहिली. लेकराला सर्दी झाली की छातीला चोळायला, पाहुणा आला की घोटभर द्यायला. महाराष्ट्रात तो कायदा अजून आहे, पिणाऱ्यानं परवाना बाळगावा असं त्यात आहे. एका दिवसाचा परवाना असतो, आजन्म परवानाही असतो. दुकानं उघडी, सरकारला महसूलही हवा, आणि घेणारा मात्र कागदोपत्री अर्धा गुन्हेगार. माझ्या मते ती काळी पिशवी तिथूनच आली. लपवून घ्यायची, लपवून आणि घाईनं प्यायची, आणि मग घरी येऊन जे व्हायचं ते व्हायचं.

तुझ्या काकूंनी गावात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानासाठी, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या, ते मी विसरले नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायचं, तेव्हा दुकान बंद होणार. केवढी कठीण अट, आणि तरी त्यांनी ते दुकान बंद करून दाखवलं. त्या बायांच्या बाजूनंच मी उभी आहे, आजही. ज्या घरात पगार क्वार्टरमध्ये जातो तिथे मी फेणीचा वारसा सांगायला जाणार नाही. गोव्यातही अशी घरं आहेत, माझ्या शेजारीच एक आहे. पण म्हणूनच मला या अंकलचं दुकान मोलाचं वाटतं. तोल गेलेल्या माणसाला ते सरळ सांगतात, "आज ना, फाल्यां यो." आज नाही, उद्या ये. माणूस थोडा वेळ हुज्जत घालतो आणि जातो, कारण ते त्याच्या बापालाही ओळखत होते. जाळीमागून हात बाहेर काढणाऱ्याला गिऱ्हाइकाचा चेहरा तरी दिसतो का?

आता तुझ्या येण्याचं. एप्रिल म्हणजे हुर्राकचे दिवस. तो मार्चपासून पावसाआधीपर्यंतच मिळतो, टिकत नाही, म्हणून बाराही महिने कपाटात नसतो. अंकलकडे तो सत्तरी तालुक्याकडून कॅनमधून येतो आणि आपली बाटली नेली तर भरून देतात. लिम्का, मीठ, लिंबू आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, बस्स. तू नाही प्यालीस तरी चालेल, आग्रह मी करणार नाही. पण माझ्याबरोबर दुकानात चल. काउंटरशी उभी राहा, तळहातावर दोन थेंब घे, वास घे. मला तुला तिथे उभी असलेली बघायचंय.

एक मात्र आधीच सांगते, दादासाठी बाटली न्यायचं मनात आणू नकोस. इथल्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं आणि परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. परवान्याशिवाय नेलीस तर गुन्हा दाखल होतो, उगाच कटकट नको. त्याला प्यायची असेल तर त्यालाच घेऊन ये, बाहेरच्या खोलीत झोपेल.

आंबोलीमार्गे येणार असशील तर सकाळी लवकर नीघ, घाटात धुकं नसलं तरी दुपारनंतर ट्रक फार असतात. आणि थोड्या लवंगी मिरच्या आण. इथल्या मिरचीला तो झणका नाही.

काकूंना नमस्कार सांग. हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

तुझी,
मेघा