पासवर्ड नको म्हणणाऱ्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघडं लिहितेय. लॅपटॉपच्या पडद्यामागे जाड शब्दकोशाचा टेकू देऊन महिनाभर भाषांतराचं काम रेटणारी बाई, ती मी. टेकू जरा सरकला की पडदा लुकलुकायचा, मग काळा. एका ठरावीक कोनात धरला, की जणू काही झालंच नाही.

तुमच्याकडे दुरुस्तीला आणण्याआधी मी तो दुसरीकडे दाखवला होता. तिथे न उघडताच निकाल लागला: स्क्रीन गेली, झाकणासकट सगळी जुळणी बदलावी लागेल. आकडा ऐकून नवाच घ्यावा असं वाटलं, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. तुमच्यासमोर बसले तेव्हा मनातून हरलेलीच होते. त्यातून थोडी संशयीही. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी मी पुढे केली, तर तुम्ही ती न बघताच परत सरकवलीत. "पासवर्ड कशाला? बायोसची, म्हणजे पासवर्डच्याही आधी येणारी सेटिंगची स्क्रीन उघडली तरी दिसेल मला काय बिघडलंय ते." आत माझी सगळी कागदपत्रं, फोटो, अर्धवट हस्तलिखितं. तिथेच माझा अर्धा संशय गळाला.

मग तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरला हातच लावला नाहीत, प्रश्न विचारत बसलात. पडलाय का? पाणी सांडलंय का? झाकण हलवल्यावर फरक पडतो का, की हलवो न हलवो तसंच? रेषा एकाच जागी असतात की बदलतात? एवढे प्रश्न मला डॉक्टरनेही कधी विचारले नसतील. बाहेरचा मॉनिटर जोडलात, त्यावर चित्र स्वच्छ आलं. म्हणजे ग्राफिक्सची चिप शाबूत. मग लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च धरलात आणि मला म्हणालात, "बघा नीट." बघितलं तर पुसट अक्षरं! चित्र पोचत होतं, मागचा दिवा लागत नव्हता. आणि झाकण हलवलं की तो दिवा परत यायचा. "पॅनेल, म्हणजे पडदाच, मेलेलं असतं तर ते असं कोन बघून जिवंत झालं नसतं," हे तुमचं वाक्य मी त्यानंतर निदान पाच जणांना ऐकवलंय.

उघडताना तुम्ही आधी बॅटरीचा कनेक्टर काढलात. मी उगाच विचारलं, तर हातातलं काम न थांबवता सांगितलंत, की बॅकलाइटची, म्हणजे त्या मागच्या दिव्याची वीज पडद्याकडे जाणाऱ्या केबलमधूनच जाते, बॅटरी जोडलेली असताना केबल ओढली तर बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो आणि मग छोट्या दुखण्याचं मोठं होतं. चौकट निघाली आणि बिजागरीजवळ ती केबल दिसली. वरचं आवरण घासून गेलेलं, आतली एक बारीक तार उघडी. एवढ्याशा तारेसाठी मी अख्खा लॅपटॉप टाकायला निघाले होते.

केबल बदलून तुम्ही मला वाटेला लावलं असतंत तरी मी खूश झाले असते. पण तुम्ही झाकण चार वेळा उघडलंत, मिटलंत, तोंड वाकडं केलंत. बिजागरी फार घट्ट झाली होती; तशीच ठेवली असती तर नव्या केबलचीही तीच गत झाली असती. ती सैल करायला केबल बदलण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि त्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत. मी हिशेब दोनदा विचारला. दोनदा तोच, फक्त केबल आणि मजुरी.

पॅनेलच्या मागच्या लेबलवरचा नंबरही तुम्ही आपणहून उतरवून दिलात, सोबत मापं: १५.६ इंच, १९२० बाय १०८०, ३० पिनांचा कनेक्टर. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेलं येतात, म्हणून पुढे कधी खरंच बदलायची वेळ आली तर लॅपटॉपचं नाव सांगून भागत नाही, हा नंबर जुळवायचा. ती चिठ्ठी मी लॅपटॉपच्या पिशवीत ठेवलीय, पासवर्डची चिठ्ठी होती त्याच कप्प्यात. पासवर्डची फाडून टाकली.

शब्दकोश परत कपाटात गेला. त्याच्या पुठ्ठ्यावर झाकणाच्या कडेची खाच पडलीय, ती काही जात नाही. हातातलं पुस्तक मात्र मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण झालं.

मनापासून आभार, दादा.

आपली,
टेकूवाली बाई

ता. क. – पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या काळ्या ठिपक्याबद्दल मी विचारलं होतं, आणि "त्याला राहू द्या, तेवढ्यासाठी पॅनेल बदलू नका" असं तुम्ही म्हणाला होतात. राहू दिलाय. फक्त अजूनही कधीकधी मी त्याला अनुस्वार समजते.