उत्तरपत्रिका वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

निकाल बदलल्याचं सांगायला मी आले, तेव्हा तुम्ही मला आभाराचं वाक्य पुरतं बोलूही दिलं नाहीत. 'आता प्रवेशाच्या मागे लाग,' म्हणालात आणि तासाला निघून गेलात. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे समजावलंत ते दर निकालानंतर कितीतरी मुलामुलींना हवं असतं आणि सांगणारं कुणी भेटत नाही. तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

शेवटच्या सत्रात बाकी सगळे विषय नीट सुटले आणि गणितातल्या रिअल अ‍ॅनालिसिस या विषयात मी नापास दिसले. एमएस्सीचा प्रवेश त्या एका पेपरावर अडकला. पुढचे काही दिवस सल्लेच सल्ले. कुणी म्हणे रिव्हॅल, म्हणजे पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, टाक, गुण वाढतातच. कुणी म्हणे टाकू नकोस, असलेलेही जातील. परीक्षा विभागाच्या खिडकीवर सांगितलं गेलं की उत्तरपत्रिका दाखवत नसतात, फॉर्म भरायचा तर भरा. तुम्ही त्या सत्रात आम्हाला शिकवतही नव्हता. पहिल्या वर्षी शिकवलं होतंत, तेवढ्या ओळखीवर मी तुमच्या दारात उभी राहिले.

तुम्ही आधी मला बसवलंत आणि विचारलंत, 'तुला नेमकं काय मागायचंय?' मी म्हटलं, रिचेकिंग. तेव्हा तुम्ही कागद घेऊन तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून दाखवल्यात. गुणपडताळणीत फक्त एवढंच पाहतात की प्रत्येक उत्तर तपासलं गेलंय का, बेरीज बरोबर आहे का, आतले गुण पहिल्या पानावर नीट उतरलेत का. उत्तराला किती गुण योग्य होते, हा प्रश्न तिथे येतच नाही. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आपल्या हातात. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसरा परीक्षक तीच उत्तरं पुन्हा तपासणार. प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि त्या मुदती फार थोड्या असतात. पुनर्मूल्यांकनात गुण कमी झाले तर कुठले धरायचे, फरक किती असला तर निकाल बदलायचा, दोन परीक्षकांत फार अंतर पडलं तर तिसऱ्याकडे पाठवायचं का, हे जिथल्या तिथल्या नियमांत असतं. ते नियम तुम्ही माझ्याकडूनच शोधून घेतलेत आणि मोठ्याने वाचून घेतलेत. 'ऐकीव नियमावर अर्ज करायचा नाही,' एवढंच म्हणालात. त्याच बैठकीत पुनर्परीक्षेचा फॉर्मही भरायला लावलात. मला तेव्हा ते अपशकुनासारखं वाटलं. पण पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आत पुनर्परीक्षेची मुदत संपते आणि वर्ष हातचं जातं, असं होताना तुम्ही पाहिलेलं होतं.

खिडकीवरच्या उत्तराबद्दल मी सांगितलं तेव्हा तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण अगदी ठामपणे बोललात. 1984 साली महाराष्ट्राच्याच शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीपुरताच हक्क देणारा नियम उचलून धरला होता. उत्तरपत्रिका पाहणं नाही, पुनर्मूल्यांकनही नाही. नंतर 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. 2011 साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे, ती पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे. परीक्षकाचं नाव मात्र उघड करायचं नाही. आणि हेही तुम्ही मुद्दाम सांगितलंत की प्रत मिळण्याच्या हक्कातून पुनर्मूल्यांकनाचा हक्क आपोआप मिळत नाही, तो नियमांत असावा लागतो. उत्तरपत्रिका जपून ठेवण्याचीही मुदत असते, ती उलटून गेल्यावर मागून उपयोग नाही. मी इतकी वर्षं परीक्षा देत आले, आपलंच लिहिलेलं आपल्याला पाहता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

छायाप्रतीचा अर्ज रीतसर केल्यावर प्रत मिळाली. ती घेऊन मी धावत आले, तर तुम्ही ती उघडलीच नाहीत. प्रश्नपत्रिका आणि कोरा कागद समोर ठेवलात आणि म्हणालात, 'आधी तू परीक्षक हो. गुण झाकून ठेव. प्रत्येक उत्तराला तू किती देशील, आणि का, ते लिही.' त्या संध्याकाळी आपण दोघी बसलो होतो ती वेळ माझ्या सगळ्या शिक्षणातली मोलाची वेळ आहे, असं मी मनापासून लिहिते. स्वतःच्या उत्तरात कुठे पायरी गाळली आहे, कुठे 'स्पष्ट आहे' असं लिहून अवघड भाग ओलांडला आहे, हे मी पहिल्यांदा परक्याच्या नजरेने पाहिलं.

मग गुण उघडले. युनिफॉर्म कंटिन्युइटीच्या प्रश्नात मला आणखी दोन गुण हवे होते. तिथे डेल्टा ही संख्या बिंदूगणिक बदलून चालत नाही. तुम्ही शांतपणे माझा डेल्टा कशावर अवलंबून आहे ते विचारलंत आणि म्हणालात, 'मीही एवढेच दिले असते. हे मागू नकोस.' दोन्ही टोकं धरलेल्या क्लोज्ड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं, या सिद्धतेला मात्र तुम्ही बराच वेळ दिलात. वर्गात ती बोल्झानो-वायरस्ट्रासच्या प्रमेयाने केली होती, मी वेगळ्या वाटेने, हाइने-बोरेलच्या प्रमेयाने केली होती. परीक्षकांनी सुरुवातीच्या ओळींवर खुणा केल्या होत्या आणि फिनाइट सबकव्हर घेतल्यापासून, म्हणजे जिथे हाइने-बोरेल वापरलं तिथून, पुढे एकही खूण नव्हती. तुम्ही ओळ न् ओळ तपासलीत, हाइने-बोरेल अभ्यासक्रमात आधीच्या प्रकरणात आहे ना, हे पाहिलंत, आणि मगच म्हणालात की हे मागण्यासारखं आहे.

आणि पुरवणी. कच्चं काम केलेलं एक पान मी आडवी रेघ मारून रद्द केलं होतं. त्याच्या मागच्या पानावर एका उपप्रश्नाचं पूर्ण उत्तर होतं. त्याला ना बरोबरची खूण, ना चुकीची, ना शून्य. मी रडू लागले, रागानेच. तुम्ही पाणी दिलंत आणि म्हणालात की शून्य देणं आणि न तपासणं या निराळ्या गोष्टी आहेत, हे पुनर्मूल्यांकनात नाही, पडताळणीत मागायचं.

परीक्षकांबद्दल मी तेव्हा बरंच वेडंवाकडं बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग स्टार्च आणि इलियट या दोन अमेरिकी अभ्यासकांचं काम सांगितलंत. 1912 साली त्यांनी इंग्रजीच्या पेपरच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांना तपासायला दिल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी 100 पैकी 50 दिले, कुणी 97. भाषेचं तसंच असतं, असं लोक म्हणाले, म्हणून 1913 साली त्यांनी भूमितीचा पेपर घेतला, आणि तिथे तफावत आणखी मोठी निघाली. ते सगळे शिक्षक आपापल्या परीने प्रामाणिकच होते. हे ऐकल्यावर माझा राग गेला असं म्हणणार नाही, पण अर्जाची भाषा बदलली. माझ्या कच्च्या मसुद्यात 'अन्याय' होता, 'निष्काळजीपणा' होता. तुम्ही ते शब्द खोडलेत आणि पान क्रमांक, प्रश्न क्रमांक, काय तपासावं अशी विनंती, एवढंच ठेवलंत. सबंध मजकूर अर्ध्या पानात मावला. वाचणारा माणूस दिवसभरात असे किती अर्ज वाचत असेल, याचा विचार तुम्ही केलात, आणि तो मला शिकवलात.

न तपासलेल्या उत्तराचे गुण मिळाले आणि मी उत्तीर्ण झाले. हाइने-बोरेलच्या सिद्धतेला थोडेच वाढले, आपल्याला वाटले होते तेवढे नाहीत. ते मला अजूनही पटलेलं नाही, आणि तुम्हालाही नाही, हे तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत.

माझ्याबरोबर तुमच्याकडे आलेल्या मैत्रिणीचे गुण जराही बदलले नाहीत. तिच्या उत्तरपत्रिकेत मागण्यासारखं फारसं नाही, हे तुम्ही तिला आधीच सांगितलं होतंत, तरी तिला अर्ज करायचा होता आणि तुम्ही तिलाही तितकाच वेळ दिलात. पुनर्परीक्षेचा फॉर्म तिनेही भरलेला होता, म्हणून ती परीक्षेला बसू शकली. तिला तुम्ही पुढे संध्याकाळी बसवून शिकवलंत, हे तिने सांगितलं म्हणून कळलं. त्याबद्दल तिच्या वतीनेही आभार मानते. ती स्वतः लिहिणार आहेच.

मॅडम, हे काम तुमच्या वेळापत्रकात कुठेच नव्हतं. आमचा पेपर तुमचा नव्हता, निकालाची जबाबदारी तुमची नव्हती. घरी जायला उशीर होत असताना तुम्ही एका मुलीची उत्तरपत्रिका पानापानाने वाचलीत, आणि जिथे ती चुकत होती तिथे तसं सांगितलंत. मला त्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. माझी बाजू घेणारे पुष्कळ होते. माझं उत्तर वाचणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

प्रवेश पक्का झाला आहे. पहिल्याच सत्रात मेझर थिअरी आहे आणि युनिफॉर्म कंटिन्युइटीचा तो डेल्टा मला अजून पुरता कळलेला नाही. सुट्टीत वही घेऊन येते. तुम्हाला कुठला दिवस सोयीचा आहे, ते कळवा.

तुमची कृतज्ञ
विद्यार्थिनी