थोरली, धाकटी आणि काकूंची पाठ

मुलुंड (पूर्व), मुंबई
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

नागपूरचा मुक्काम हलवून दिवाळीनंतर तू गोरेगावात परत येणार, हे वाचून फार बरे वाटले. काकूंच्या दुखऱ्या पाठीचा विचार करता आपल्या माहितीतल्या दोन विजेच्या गाड्यांपैकी कोणती घ्यावी, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर मात्र फोनवर देण्याजोगे नाही, कारण ऑगस्टमध्ये "थोरली शांत आहे, डोळे मिटून तीच घे" असे मी तुला ठणकावून सांगितले होते आणि त्यातले निम्मे बोलणे आता मला मागे घ्यावे लागणार आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही गाड्यांची नावे तुला ठाऊक आहेत, तेव्हा आमच्या घरात पडलेली नावेच येथेही वापरतो. आमची दोन वर्षांची आखूड गाडी ती धाकटी, आणि मेहुण्याने यंदा घेतलेली लांब, काचेच्या छताची ती थोरली. त्याच्या सोसायटीत पाण्याची वाहिनी टाकण्यासाठी पार्किंग खणले गेले आणि उरलेल्या जागेत थोरली मावेना, म्हणून गणपतीच्या आधी तीन आठवडे आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. त्या तीन आठवड्यांत मी थोरली ऑफिसला नेली, बाजारात नेली, पुण्याला नेली आणि भर पावसात अटल सेतूवरही नेली. शिवाय दोन रविवार आम्ही दोन्ही गाड्या मुद्दाम एकाच रस्त्याने, एकामागून एक फिरवल्या. बायकोने या प्रकाराला जे नाव ठेवले ते येथे लिहीत नाही.

आधी आवाजाचे सांगतो. विजेच्या गाडीत इंजिन नसते म्हणून ती शांत, ही समजूत अर्धीच खरी आहे. इंजिनाची घरघर जाते तेव्हा तिच्या आड इतकी वर्षे दडून बसलेले सगळे आवाज उघडे पडतात. थोरली ताब्यात आल्यावर पहिले दोन दिवस मागच्या दाराकडून "टिक्, टिकटिक्" असे काहीतरी वाजत होते. दाराची पट्टी दाबून पाहिली, सीटबेल्टचे बक्कल रुमालात गुंडाळले, मागची सीट पाडून पुन्हा लावली, तरी आवाज जाईना. तिसऱ्या दिवशी दाराच्या कप्प्यात हात घातला तेव्हा मेहुण्याच्या वडिलांचा अडकित्ता हाती लागला. हाच अडकित्ता त्यांच्या जुन्या डिझेल गाडीच्या दारात वर्षानुवर्षे पडून होता आणि कोणालाही कधी ऐकू आला नव्हता. तेव्हा नवी गाडी खडखडते अशी तक्रार घेऊन शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपले सामान तपासावे, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो.

सिग्नलला उभ्या असताना दोन्ही गाड्यांत फक्त एसीचा पंखा ऐकू येतो, त्यामुळे तेथे डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. ताशी ३० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान धाकटीची मोटर बारीक "सूं" करते, आणि वेग वाढेल तसा तो सूर चढत जातो. हा आवाज मोटरचा आणि तिला जोडलेल्या दात्यांच्या चाकांचा असतो. तो मोठा नसतो, पण उंच पट्टीतला असल्यामुळे कानाला टोचतो. थोरलीत तो जवळजवळ नाहीच. पन्नासच्या पुढे टायरांचा आवाज वरचढ होतो, आणि तो नीट ऐकायचा असेल तर किनारी रस्त्याच्या बोगद्यासारखी दुसरी जागा मुंबईत नाही. मलबार हिलखालून जाणाऱ्या त्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात वेगमर्यादा ६० ची आहे. रस्त्यावर घासणाऱ्या टायरांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येतो, त्यामुळे गाडीच्या तळाला आणि चाकांवरच्या कमानींना आतून अस्तर किती चांगले लावले आहे, ते लगेच कळते. धाकटीत मागे बसलेल्या मुलीशी बोलताना मला आवाज चढवावा लागला. थोरलीत तसे करावे लागले नाही.

अटल सेतूवर मात्र दोघींतला फरक कमी झाला. तेथे १०० ची मुभा आहे आणि २१.८ किलोमीटरपैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर पूल समुद्रावर असल्याने आडवा वारा चुकत नाही. त्या वेगाला टायर आणि मोटर मागे पडतात आणि बाजूचे आरसे, समोरच्या काचेच्या कडेचे खांब व दारांची रबरे बोलू लागतात. तेथे थोरली थोडीशीच शांत वाटली. परत येताना शिवडीच्या अलीकडे सर आली तेव्हा तर काचेच्या छतावर पावसाने असा ताशा धरला की धाकटीचा साधा पत्र्याचा टप बरा म्हणायची वेळ आली. मला तो आवाज आवडला, हे कबूल करतो, पण काकूंना आवडेलच असे नाही.

आता डेसिबलची गोष्ट. आमच्या भाच्याने मोबाईलवर आवाज मोजण्याचे ॲप घेतले आणि दोन्ही गाड्यांत ऐंशीच्या वेगाला दोन-तीन डेसिबलचाच फरक दाखवला. "मामा, एवढ्यासाठी इतका खटाटोप?" असे त्याने विचारले. त्याचे उत्तर मला लगेच सुचले नाही. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दुप्पट होते, पण आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा मोजणीत बहुधा मानवी कानाला जुळवून घेतलेले माप वापरतात, आणि त्यात खर्जातले आवाज मुद्दाम कमी धरले जातात. १०० हर्ट्झचा आवाज त्या मापात सुमारे १९ डेसिबलने खाली येतो. थोरलीत खडबडीत रस्त्यावर जो खर्जातला "घुम्म" भरून राहतो, कानापेक्षा छातीला जाणवतो आणि तासाभराने डोके जड करतो, तो ॲपवर जवळजवळ दिसतच नाही. मी पहिल्या आठवड्यात तुला फोन केला तेव्हा माझ्याही लक्षात तो आला नव्हता. शांत गाडीतून उतरूनही आपण दमलेले का, हा प्रश्न मला पुण्याहून परतल्यावर पडला.

येथून प्रवासाच्या सुखाकडे वळतो, कारण खरी उलथापालथ तेथेच झाली. धाकटीचे टायर २१५/६० आर १६ आहेत आणि थोरलीचे २१५/५५ आर १८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या बाजूची उंची आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. हिशेब केलास तर धाकटीला रिमपासून रस्त्यापर्यंत १२९ मिलिमीटर रबर मिळते आणि थोरलीला ११८. अकरा मिलिमीटर म्हणजे बोटभरही नाही. पण खड्ड्याची धार पहिल्यांदा याच रबराने सोसायची असते, आणि मोठे रिम वजनाने जड असल्यामुळे ते खालीवर होताना स्प्रिंगलाही लवकर आवरत नाही. आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक तुला आठवत असतील. त्यांवरून धाकटी "गुडगुड" करीत जाते. थोरली पहिल्या दिवशी "धप्, धप्" करीत गेली, आणि प्रत्येक धप्पनंतर टायरच्या पोटातून घंटेसारखा बारीक "टुंग" उमटला. तो "टुंग" टायरच्या आत कोंडलेल्या हवेचा असतो. गाड्यांच्या टायरांत तो साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमतो, आणि तो मारण्यासाठी काही कंपन्या टायरच्या आतल्या बाजूला स्पंजाचा पट्टा चिकटवून देतात. थोरलीच्या टायरांत तसा पट्टा नाही.

आता माझी चूक सांगतो. दहा दिवस मी थोरलीला कडक म्हणून दूषणे दिली आणि अकराव्या दिवशी हवा तपासली, तर चारही चाकांत दारावरच्या पट्टीवर लिहिल्यापेक्षा पाच पीएसआय जास्त हवा होती. मेहुणा म्हणाला की पंपावरच्या पोराने "विजेची गाडी जड असते, साहेब" असे म्हणून भरली. जड असते हे खरे, कारण एवढ्या गाडीतली बॅटरीच तीनशे किलोच्या घरात जाते. पण ते वजन धरूनच पट्टीवरचा आकडा छापलेला असतो. सकाळी टायर थंड असताना हवा पट्टीप्रमाणे केली, आणि त्याच गल्लीत, त्याच पेव्हर ब्लॉकवर थोरली वेगळीच गाडी वाटू लागली. "टुंग" राहिला, "धप्" मवाळ झाला. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत हवा किती आहे हे मी आजवर कधीही विचारले नव्हते. तू विचार.

तरीही दोघींचे स्वभाव वेगळे ते वेगळेच. विक्रोळीचा उड्डाणपूल संपतो तेथे रस्ता किंचित खाली बसलेला आहे. तेथे धाकटी एकदाच खाली जाऊन सावरते, तर थोरली खाली जाते, वर येते, पुन्हा जरा खाली जाते आणि मग शांत होते. पुढे बसणाऱ्याला ती दुसरी हेलकावणी राजेशाही वाटते, मागे बसणाऱ्याला मात्र होडीत बसल्यासारखे होते. दोन्ही गाड्यांची मागची चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेली आहेत, ज्याला शोरूममध्ये टॉर्शन बीम म्हणतात, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्या बाजूच्या माणसाचेही डोके हलते. त्यात कोणीच उजवी नाही. थोरलीच्या लांबीचा खरा फायदा स्पीडब्रेकरवर दिसतो. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर धाकटीत अडीच मीटर आणि थोरलीत दोन मीटर सत्तर सेंटिमीटर आहे, त्यामुळे थोरली नाक खाली-वर कमी करते.

पुण्याच्या द्रुतगती मार्गाचे वेगळे सांगतो, कारण तू काकूंना मावशीकडे त्याच वाटेने नेणार. काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण दर साडेचार मीटरला आडवा सांधा असतो. ताशी ८० ने जाताना गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते, म्हणजे सेकंदाला पाच सांधे खालून जातात. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या कंपनांना सेकंदाला चार ते आठ वेळा या पट्ट्यातच सर्वांत नाजूक असते, कारण पोट आणि पाठीचा कणा त्या तालाला साथ देऊ लागतात. थोरलीच्या जड चाकांतून तो ताल सीटपर्यंत जास्त पोहोचला, आणि माझ्या थकव्याचे उत्तर मला बहुधा येथेच मिळाले. दुसऱ्या फेरीत मी डाव्या मार्गिकेतून साठ-पासष्टने गेलो. सांध्यांचा ताल सेकंदाला चारच्या आसपास आला आणि पाठीला लगेच फरक पडला. वेळ वीसएक मिनिटे जास्त लागली, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, वाजवू दिला.

काकूंच्या बसण्याविषयी. बॅटरी पायाखाली असल्यामुळे अशा गाड्यांचा तळ उंच होतो, सीट मात्र तितकी उंच करता येत नाही. परिणामी मागे बसल्यावर गुडघे वर येतात, मांड्या सीटपासून सुटतात आणि सगळा भार माकडहाडावर येतो. धाकटीत हे स्पष्ट जाणवते. थोरलीत पाय पसरायला भरपूर जागा आहे आणि पाठ बरीच मागे झुकते, म्हणून माझ्या सासूबाई तिच्यात लोणावळ्यापर्यंत गाढ झोपल्या. पण परतीच्या वाटेवर, पाठ सरळ करून बसल्या तेव्हा, त्यांनी मांडीखाली शाल दुमडून घेतली. मणक्याचे दुखणे असलेल्या माणसासाठी कानाला मिळणाऱ्या शांततेपेक्षा या दुमडलेल्या शालीचे मोल जास्त आहे, असे माझे मत झाले आहे. आणि हो, पाय उचलताच गाडी आपोआप मंदावते ती सोय दोन्हींत सर्वांत सौम्य पातळीवर ठेव. शहरात ती कडक ठेवली की दर दहा सेकंदांनी मागच्यांची मान होकार देत राहते. माझ्या बायकोला सायनपर्यंत पोहोचायच्या आत मळमळले होते.

तेव्हा माझे नवे म्हणणे असे. तू एकट्याने रोज बोगद्यातून आणि महामार्गावरून जाणार असतास तर मेहुण्याची आहे तशीच, १८ इंची रिमची थोरली घे म्हटले असते. पण आठवड्यातून दोनदा काकूंना गोरेगावहून परळला फिजिओथेरपीसाठी न्यायचे आहे, आणि त्या वाटेवर उड्डाणपुलांचे सांधे, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि शेवटच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉकच जास्त आहेत. त्यासाठी थोरलीच घे, मात्र खालच्या श्रेणीतली घे, जिच्यात १७ इंची रिम मिळते. काचेचे छतही तिच्यात नाही, म्हणजे पावसाचा ताशाही टळला. धाकटीचा "सूं" काकूंना सोसवेल, पण तिच्यातल्या मागच्या सीटवर परळपर्यंतचा तासभर त्यांना सोसवणार नाही.

१७ इंची थोरली मी स्वतः चालवलेली नाही, म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याची घाई करू नकोस. तू १८ तारखेला दोन दिवसांसाठी येतो आहेस, त्या शनिवारी सकाळी नऊची टेस्ट ड्राइव्ह मी मागून ठेवली आहे. शोरूमचा मुलगा गुळगुळीत सर्व्हिस रोडवर फेरी मारून आणील, ती नको. गोरेगाव ते परळ हीच फेरी पाहिजे, असे मी त्याला आधीच सांगितले आहे. काकू येत असतील तर त्यांना मागे डावीकडे बसवू, आणि मी त्यांच्या शेजारी बसेन. हवा मोजायचे यंत्र माझ्याकडे आहे, ते घेऊन येतो. तू शाल आण.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर