वाडा धोकादायक ठरवण्याआधी त्याचं लाकूड तरी तपासा! नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे आणि एकत्रित विकास नियंत्रण नियमावली

महोदय,
स. न. वि. वि.

यंदाही पावसाळ्याच्या तोंडावर पेठांतल्या वाड्यांवर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 च्या नोटिसा लागल्या. इमारत धोकादायक, रिकामी करा. वाड्यांसाठी धोरण आणू, हे प्रत्येक निवडणुकीत ऐकलं. डिसेंबर 2020 मध्ये नियमावली आली. तिच्यात मोडकळीस आलेली, भाडेकरू असलेली इमारत पाडली की जादा चटईक्षेत्र (म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) मिळतं. तीच इमारत वारसा यादीत नसेल आणि दुरुस्त करून उभी ठेवली तर काहीच मिळत नाही. 'धोकादायक' हा शिक्का त्यामुळे चटईक्षेत्राची किल्ली झाला आहे.

हा शिक्का बसतो कसा, ते पाहा. तपासणीत रिबाऊंड हॅमर चालवतात, हाफ-सेल चाचणी लावतात. पहिली काँक्रीटची कठीणता मोजते, दुसरी काँक्रीटमधल्या सळीचा गंज. वाड्यात काँक्रीटही नाही आणि सळईही नाही! तिथे काळ्या दगडाचं जोतं आहे, सागाचे खांब आणि तुळया आहेत, विटा-मातीच्या भिंती आहेत. वाडा तपासायचा तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक उघडावं लागतं, टोच्याने टोचून पाहावं लागतं, लाकडातला ओलावा मोजावा लागतो. तो 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी लागते, लाकूड कुजतं. बहुतेक वेळा फक्त टोकच कुजलेलं असतं, बाकीची तुळई ठणठणीत असते. कारण एकच : पन्हळ फुटलेली, कौल सरकलेलं, वर्षानुवर्षं पाणी त्याच जागी मुरलेलं. तुळईला टेकू द्यायचा, कुजका भाग कापायचा, जुना साग जोडून बोल्टने आवळायचा आणि टोकाभोवती हवेला जागा ठेवायची. हे करणारे सुतार अजून आहेत, उद्या नसतील.

त्यातच भिंतींना सिमेंटचा गिलावा करतात. त्याने ओल आत कोंडते, लोणा लागतो, वीट भुगा होते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. पण मंजुरीच्या कागदांत चुना शोधून सापडत नाही.

शेजारच्या प्लॉटवर तळघराच्या पार्किंगसाठी खोदाई सुरू झाली की उथळ पायाचा वाडा हलतो. आधी त्याच्या भेगांची नोंद करा, भेगांवर काचपट्ट्या बसवा, काच तडकली तर काम थांबवा, एवढी अट परवान्यात घालायला काय अडतं? कोणी घालत नाही, आणि भिंत कलली की नोटीस वाड्याला!

मालकाला दोष देणं सोपं आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. 50 रुपये भाड्यावर महिन्याला 2 रुपये. आणि दुरुस्तीची जबाबदारी त्याच कायद्याने त्याच्यावरच टाकली आहे. वाडा वारसा यादीत असेल तर टीडीआरचा (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचा) मार्ग तरी आहे, पण पेठेतले बहुसंख्य साधे वाडे त्या यादीतच नाहीत. विश्रामबागवाडा वाचला म्हणून पेठ वाचत नाही.

पाडलं की शासनाला आणि पालिकेला प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामासाठी भरायची रक्कम, मिळतो, टिकवलं तर मिळत नाही. आमच्या मते सगळी गोम इथेच आहे. ज्या हातात पाडायची नोटीस, त्याच हातात प्रीमियमची पावती. अशा व्यवस्थेकडून वाड्याने न्यायाची अपेक्षा कशी करावी? दोन गाड्या समोरासमोर आल्या की अडणाऱ्या बोळांत आज उंच इमारती उभ्या राहत आहेत. आगीचा बंब तिथे कसा वळणार, हेही कोणी विचारत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. लाकूड-चुन्याच्या इमारतींचं परीक्षण त्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडूनच व्हावं, आणि त्याचा अहवाल भाडेकरूंनाही मिळावा. कौलं, पन्हळ आणि तुळईच्या दुरुस्तीची परवानगी 15 दिवसांत मिळावी. यादीबाहेरचा वाडा टिकवणाऱ्यालाही टीडीआर द्या. निम्मा दुरुस्तीनंतर, उरलेला पाच वर्षांनी पाहणी करून. आणि प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली पेठांबाबत फेरबदल करताना राजपत्रातल्या सूचनेवर थांबू नका. प्रत्येक पेठेत नकाशा लावा आणि सुनावणी तिथेच घ्या.

तोवर आधीच्या परीक्षणांवर काढलेल्या नोटिसांना स्थगिती द्या. जिथे खरंच धोका आहे तिथे टेकू लावा. तो एका दिवसात लागतो.

आपले,
पेठांमधले मालक आणि भाडेकरू